फांद्या छाटल्या, तरी झाड का पडतं? सोसायट्यांनी पावसाळ्याआधी काय पाहावं

मे महिना लागला की मुंबई-ठाण्यातल्या सोसायट्यांमध्ये करवतीचा आवाज सुरू होतो. छाटणी उरकली, बिल दिलं की कमिटी निर्धास्त. आणि जूनच्या पहिल्या वादळी पावसात तेच झाड मुळासकट पार्किंगमधल्या गाड्यांवर आडवं होतं. गाडीखाली त्या वेळी कुणी नव्हतं, हे नशीब. मग चुकलं कुठे?

उत्तर बहुतेकदा जमिनीखाली सापडतं.

पेव्हर ब्लॉकखाली काय होतं?

झाडाची मुळं खूप खोल जातात, असा समज आहे. प्रत्यक्षात पाणी शोषणारी बहुतांश मुळं वरच्या दीड-दोन फूट मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. बुंध्याला चिकटून काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक टाकले की त्यांना हवा-पाणी मिळेनासं होतं आणि ती कुजू लागतात. ड्रेनेज किंवा केबलसाठी चर खणताना तर एका बाजूची मुळंच तुटतात. वरून हिरवंगार दिसणारं झाड खाली जणू एका पायावर उभं असतं. उथळ मुळांचा आणि ठिसूळ लाकडाचा गुलमोहर यात सर्वात आधी दगा देतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं, ते उगाच नाही.

छाटणीही चुकते

बाल्कनीत अंधार येतो म्हणून इमारतीकडच्याच फांद्या कापल्या, की झाडाचा तोल दुसऱ्या बाजूला जातो. शेंडा उडवून झाड ‘टकलं’ करणं त्याहून वाईट. तिथे झपाट्याने फुटणारे नवे धुमारे खोडाला नीट धरून नसतात आणि काही वर्षांत तेच मोडून पडतात. फांदी खोडाला जिथे जोडलेली असते तिथे एक फुगीर कडं असतं. काप त्याच्या बाहेर घ्यायचा, म्हणजे जखम भरते. जाड फांदीला आधी खालून खाच द्यावी लागते, नाहीतर ती पडताना खोडाची साल सोलत नेते. कापावर रंग किंवा डांबर फासून कूज थांबत नाही.

परवानगी लागते का?

लागते. आवार सोसायटीचं असलं तरी महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो. त्यात झाडाला इजा पोहोचवणं हेही ‘तोडणं’च मानलं जातं. मुंबईत अर्ज वॉर्डातल्या उद्यान विभागाकडे करायचा. २०२१ च्या दुरुस्तीनुसार ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘वारसा वृक्ष’ ठरतं. खासगी आवारातल्या झाडांची निगा ही मालकाची जबाबदारी असल्याने ‘पालिकेने बघायला हवं होतं’ हे कारण फारसं टिकत नाही.

आत्ता काय बघायचं?

बुंध्याशी उगवलेली अळंबी, एका बाजूला उचललेली किंवा भेगाळलेली माती, ठोकल्यावर पोकळ वाजणारं खोड, नव्याने आलेला कल. यातलं काहीही दिसलं तर करवतवाल्याच्या आधी झाडांच्या जाणकाराला बोलवा. बुंध्याभोवतीचं काँक्रीट जेसीबीने नव्हे, हाताने फोडून घ्या आणि मोकळ्या झालेल्या आळ्यात माती भरा. ती मात्र बुंध्यावर चढवू नका, तिथली साल कुजते.