दोन सिलिंडर गेले, म्हणजे नेमकं काय गेलं?

पोर्शच्या 718 बॉक्स्टर आणि केमन या गाड्यांची पुढची पिढी फक्त विजेवर धावेल, असं आधी ठरलं होतं. 2025 मध्ये कंपनीने भूमिका बदलली आणि वरच्या आवृत्त्यांना पेट्रोल इंजिनही मिळेल, असं सांगितलं. लगेच स्पोर्ट्स कारच्या चाहत्यांमधला जुना वाद उसळून आला: इंजिन कसलं आणि सिलिंडर किती? बाहेरच्या माणसाला हा हौशी लोकांचा हट्ट वाटेल. पण या वादाची पहिली फेरी 2016 मध्ये झाली होती. ती बारकाईने तपासली, तर ज्याला सगळे ‘भावनेचा प्रश्न’ म्हणतात त्याच्या मुळाशी क्रँकशाफ्टची भूमिती सापडते. चाहत्यांची तक्रार अभियांत्रिकीची आहे आणि तिला तसंच उत्तर मिळायला हवं.

बॉक्स्टर 1996 मध्ये आली ती सहा सिलिंडरचं बॉक्सर इंजिन घेऊन. तीन सिलिंडर डावीकडे आडवे, तीन उजवीकडे. वीस वर्षांनी पोर्शने त्यातले दोन काढून टाकले आणि टर्बो बसवला. साध्या बॉक्स्टरमध्ये 2.7 लिटरच्या जागी 2 लिटरचं इंजिन आलं. ताकद मात्र 265 वरून 300 अश्वशक्ती झाली आणि टॉर्क 280 वरून 380 न्यूटन मीटर. न्युर्बुर्गरिंगच्या ट्रॅकवर नवी बॉक्स्टर एस जुनीपेक्षा 16 सेकंद लवकर पोचली. इतिहासाचाही दाखला होता: 1959 आणि 1960 ची टार्गा फ्लोरिओ शर्यत जिंकणारी मूळ 718 चार सिलिंडरचीच होती. इतकं सगळं असताना कुरकुर कशाची? आवाजाची, आणि पायाखालच्या पेडलला मिळणाऱ्या प्रतिसादाची. कामगिरीच्या तक्त्यात या दोन्हींसाठी रकानाच नसतो.

आधी आवाज. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. मिनिटाला 6000 फेऱ्या असतील, तर सहा सिलिंडरमध्ये सेकंदाला 300 स्फोट होतात आणि चारमध्ये 200. तीनास दोन हे गुणोत्तर गाणाऱ्यांच्या ओळखीचं आहे. चार सिलिंडरचा सूर षड्ज धरला, तर सहाचा बरोबर पंचम लागतो! पण खरी गंमत स्फोटांच्या क्रमात आहे. सहाच्या बॉक्सरमध्ये प्रत्येक बाजूचे तीन सिलिंडर 240 अंशांच्या समान अंतराने धूर सोडतात. चारच्या बॉक्सरमध्ये एका बाजूचे दोन्ही लागोपाठ पेटतात, मग दुसऱ्या बाजूचे दोन्ही. म्हणजे एका बाजूने पाहिलं, तर 180 अंशांवर दोन ठोके आणि मग 540 अंशांची शांतता. दोन्हीकडच्या नळ्या सारख्या लांबीच्या असतील, तर हे ठोके एकत्र येऊन पुन्हा समान होतात. लांबी थोडी जरी वेगळी झाली, तरी मूळ 200 मध्ये 50 ची कंपनं मिसळतात. हा सूर दोन सप्तकं खालचा. सुबारूच्या गाड्यांची प्रसिद्ध घरघर अशीच असमान नळ्यांतून जन्मली. ती अनेकांना मनापासून आवडते, म्हणून हा शेवटी आवडीनिवडीचाच प्रश्न आहे, असा आक्षेप येतो. कोणता सूर गोड, हे ज्याचं त्याने ठरवावं, हे मान्य. पण टर्बोची टर्बाइन एक्झॉस्टच्या प्रत्येक ठोक्यातली ऊर्जा काढून घेते आणि त्याची धार बोथट करते. काट्याकडे न पाहता वेग आणि भार ओळखणाऱ्या चालकाकडे पोचणारी माहितीच त्यामुळे कमी होते.

चार सिलिंडरचे दोष यंत्र लावून झाकता येतात, असंही म्हटलं जातं. इथे फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याचं नाव घ्यायलाच हवं. ऑटो आणि डिझेल ही नावं शाळेतली मुलंही सांगतात. उड्डाणशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेला आणि मोटारगाडीलाही तेवढंच देऊन गेलेला हा माणूस मात्र विस्मृतीत गेला. सरळ रांगेतल्या चार सिलिंडरमध्ये क्रँकशाफ्टच्या दुप्पट वेगाचं एक कंपन उरतंच. लँचेस्टरने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आगेमागे त्यावर उपाय काढला: त्याच दुप्पट वेगाने उलटसुलट फिरणारी वजनं. सत्तरच्या दशकात मित्सुबिशीने ही कल्पना पुन्हा वर आणली आणि पोर्शने 1982 च्या 944 साठी तिच्याकडून परवाना घेतला. किती देखणा उपाय! बॉक्सरमध्ये समोरासमोरचे पिस्टन बहुतेक धक्के आपसांतच मिटवतात. चारमध्ये थोडा हेलकावा उरतो, सहामध्ये तोही नाही. पण फिरत्या वजनांनी हलणाऱ्या धातूचा तोल साधतो. स्फोटांची संख्या आणि त्यांचा क्रम त्यांना बदलता येत नाही, आणि वाद तर त्यांचाच आहे.

प्रतिसादाचा मुद्दा याहून भक्कम आहे. टर्बोत आधी धूर वाढतो, मग टर्बाइन वेग घेते, मग हवेचा दाब चढतो आणि तेव्हा कुठे गाडी रेटा देते. एस आवृत्तीत पोर्शने टर्बाइनची पाती हलती ठेवून हा विलंब घटवला, पण तो संपवता आला नाही. वळणात चालक मागच्या टायरची पकड पेडलने सांभाळत असतो. आज्ञा आणि परिणाम यांत विलंब आला की कोणतीही नियंत्रणव्यवस्था बिघडते, हे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला पहिल्या धड्यांतच कळतं. शून्य ते शंभरच्या आकड्यात हे दिसत नाही, कारण तिथे पेडल एकदाच दाबायचं असतं.

प्रदूषणाचं काय, हा सर्वांत गंभीर आक्षेप. छोटं टर्बो इंजिन रोजच्या संथ चालीत पेट्रोल वाचवतं, यात वाद नाही. तेव्हा चाकणला बनणाऱ्या व्हेंटो या गाडीतही 2020 मध्ये बीएस-6 प्रदूषण नियमांबरोबर 1.6 लिटरच्या चार सिलिंडरच्या जागी 1 लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो आलं, आणि शहरात ऑफिसला जाणाऱ्यासाठी ते योग्यच होतं. स्पोर्ट्स कार मात्र ताणून चालवली जाते. जोराच्या भाराखाली छोटं टर्बो इंजिन धूर थंड ठेवण्यासाठी जादा पेट्रोल ओततं आणि प्रयोगशाळेत कमावलेली बचत रस्त्यावर घटते. युरोपने 2017 पासून चाचण्या कडक केल्या, रस्त्यावरची मोजणीही आणली. त्यानंतर, 2019 मध्ये, पोर्शनेच याच गाडीत 4 लिटरचं, टर्बो नसलेलं, सहा सिलिंडरचं इंजिन आणलं. पुढच्या वर्षी जीटीएस आवृत्तीतही ते 400 अश्वशक्तीचं होऊन आलं. कमी भारावर त्यात एका बाजूचे तीन सिलिंडर बंद राहतात. ते चारपेक्षा जास्त पेट्रोल पितं, पण नियमांमुळे सहा सिलिंडर अशक्य होते, हा दावा त्याने खोटा ठरवला.

विजेची 718 प्रतिसादात या दोन्ही इंजिनांना मागे टाकेल, कारण मोटरचा टॉर्क काही मिलिसेकंदांत उभा राहतो. हे तिच्या विरोधकांनी मोकळेपणाने मान्य करावं. स्फोटच नसल्याने आवाज मात्र स्पीकरमधून घडवावा लागेल. पेट्रोलच्या आवृत्तीला तिच्याशेजारी उभं राहायचं असेल, तर जिथे मोटर आधीच जिंकली आहे त्या टॉर्कच्या आकड्यावर भर देऊन उपयोग नाही. सहा सिलिंडर, टर्बोविना: ही चाहत्यांची मागणी मला म्हणूनच रास्त वाटते.