ठोके मोजून मिळालेले नसतात

‘माणूस ठरावीक ठोके घेऊन जन्माला येतो, मग व्यायाम करून ते लवकर कशाला संपवायचे?’ चांगली शिकलेली माणसंही हे गंभीरपणे विचारतात. ठोक्यांचा असा कोटा कुणालाही ठरवून मिळालेला नसतो. पण क्षणभर तो मानला, तरी हिशेब उलटाच निघतो. बसून असताना नाडी मिनिटाला ७२ धरली, तर दिवसाचे १,०३,६८० ठोके होतात. काही महिने नेमाने भरभर चालून ती ६४ वर आली असं समजू. अर्धा तास व्यायामात ती १४० पर्यंत गेली, तर त्याचे ४,२०० आणि उरलेल्या साडेतेवीस तासांचे ९०,२४०. म्हणजे रोज नऊ हजारांहून जास्त ठोके वाचले.

नाडी उतरते ती हृदय थकल्यामुळे नव्हे. निवांत बसलेल्या शरीराला मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त लागतं, मग ते शरीर धावपटूचं असो की खुर्चीत बसून काम करणाऱ्याचं. एका ठोक्याला ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडत असेल तर सत्तरेक ठोके लागतात, १०० पडत असेल तर पन्नास पुरतात. हापशाचा दांडा पूर्ण दाबला की कमी हेलपाट्यांत कळशी भरते, तसंच हे. व्यायामाने पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढू लागतं. पुढे बऱ्याच महिन्यांनी डावा कप्पा थोडा ऐसपैस होतो, दोन ठोक्यांच्या मधे जास्त सैल होतो आणि जास्त भरतो. या मधल्या वेळेचं महत्त्व आणखी एका कारणाने आहे. डाव्या कप्प्याच्या स्नायूला स्वतःचं रक्त मुख्यतः तो सैल असतानाच मिळतं.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते ‘पंपिंग’ या शब्दाने घाबरलेल्यांचं. टूडी एकोच्या रिपोर्टवर ‘ईएफ ६० टक्के’ दिसतं आणि घरात कुजबुज सुरू होते, ‘चाळीस टक्के हृदय गेलं.’ काहीही गेलेलं नसतं. भरलेल्या कप्प्यातलं किती रक्त एका ठोक्याला बाहेर पडलं, त्याची ही टक्केवारी. साधारण ५५ ते ७० म्हणजे उत्तम. शंभर टक्के कुणाचंच नसतं. व्यायामाने हा आकडा ८० वर जाईल ही आशाही चुकीची आहे. मॅरेथॉन पळणाऱ्याचा आकडाही विश्रांतीत साठच्या आसपासच असतो. फरक असतो कप्प्यात मावणाऱ्या रक्तात: १२० मिलिलिटरचे साठ टक्के म्हणजे ७२, आणि १७० चे १०२. टक्केवारी तीच, पण पोचणारं रक्त दीडपटीच्या जवळ. म्हणून रिपोर्टवरच्या त्या एका आकड्यावरून स्वतःचा फिटनेस ठरवू नये.

मनगटावरच्या घड्याळाने आणखी एक भीती आणली आहे. सिंहगडाच्या आतकरवाडीच्या चढावर पन्नाशीचा माणूस १७२ आकडा पाहून मटकन खाली बसतो, कारण ‘२२० वजा वय’ म्हणजे त्याची हद्द १७०. हे सूत्र १९७० च्या सुमारास अमेरिकेत आधीच्या आकडेवारीवरून ढोबळपणे काढलं गेलं. त्याच वयाच्या दोन निरोगी माणसांची कमाल नाडी त्याहून दहा-बारा ठोके वर किंवा खाली असणं अगदी नेहमीचं आहे. सरावाने ही कमाल वाढतही नाही. वाढतं ते त्याच नाडीत होणारं काम: पूर्वी ज्या वळणावर १५० व्हायची, तिथे १३० होते. रोजच्यासाठी सोपी खूण अशी, की चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये.

‘हृदयाला आराम द्या’ हा सल्लाही घाऊकपणे दिला जातो. १९६६ साली अमेरिकेत डॅलसमध्ये विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवलं. एका ठोक्याला बाहेर पडणारं रक्त घटलं, दमसास पार उतरला. त्याच पाच जणांना तीस वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा दिसलं की तीस वर्षांच्या वयाने जेवढी क्षमता नेली, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी नेली होती. मग पन्नाशीत त्यांनी सहा महिने चालणं, पळणं, सायकल असा सराव केला आणि तीस वर्षांची घट भरून निघाली. यात मोठा वाटा स्नायूंचा होता. रक्तातला ऑक्सिजन ते जास्त ओढून घ्यायला शिकले होते.

मंद नाडी मात्र नेहमीच कौतुकाची नसते. व्यायाम न करणाऱ्याची नाडी पन्नासच्या खाली असेल आणि चक्कर येत असेल, तर ईसीजी काढायला हवा. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी औषधामुळेच दबलेली असते, त्यांनी घड्याळातल्या आकड्यावर व्यायाम मोजू नये. आणि चढताना छातीत दाब आला, तो जबड्याकडे किंवा हाताकडे सरकला, तर नाडी कितीही असो, तिथेच थांबावं आणि लगेच दवाखाना गाठावा.