पडद्यावरची मैफल

गावात एखादे कीर्तन रंगले, की दुसऱ्या दिवशी पारावर त्याची चर्चा होते. एक म्हणतो, बुवांचा आवाज काल काय लागला होता! दुसरा म्हणतो, छे, आवाज बसलाच होता, पण आख्यान रंगले. तिसरा पार मागे बसलेला. त्याला निम्मे ऐकूच आलेले नसते, तरी मत द्यायला तोही मागे राहत नाही. चार दिवस ही चर्चा चालते आणि विरून जाते. कारण कीर्तन होऊन गेलेले असते. पडताळा पाहायला कोणी परत मांडवात जाऊ शकत नाही.

पण तेच कीर्तन कोणी चित्रमुद्रित करून ठेवले तर? मग वाद विरत नाही, उलट पिढ्यान्‌पिढ्या चालतो. असाच एक वाद आज आपण समजून घेणार आहोत. तो इंग्लंडमधल्या एका रॉक बँडच्या चाहत्यांचा आहे. बँड म्हणजे आपल्या वरातीपुढचा नव्हे बरे का! रॉक बँड म्हणजे चार-पाच जणांचा संच. विजेवर वाजणारी गिटार, खर्जातली बास गिटार, ढोलांचा ताफा आणि या सगळ्यांच्या वर चढणारा गळा. गाणीही बहुधा त्यांनी स्वतःच रचलेली असतात.

या बँडचे नाव ‘क्वीन’. म्हणजे राणी! १९७० साली लंडनमध्ये तो उभा राहिला. गायक फ्रेडी मर्क्युरी, गिटारवादक ब्रायन मे, ढोलवादक रॉजर टेलर आणि एका वर्षाने येऊन मिळालेला बास गिटारवादक जॉन डीकन, असे हे चौघे. यांतला फ्रेडी आपल्याला अगदीच परका नाही. त्याचे मूळ नाव फारुख बलसारा. पारशी कुटुंबातला हा मुलगा १९४६ साली झांजीबारला जन्मला आणि आठव्या वर्षी शिकायला आला तो आपल्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीला. वाईहून पसरणीचा घाट चढला की जे गाव लागते, तिथल्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात तो वाढला, पियानो शिकला आणि शाळासोबत्यांबरोबर त्याने आपला पहिला छोटा बँडही तिथेच काढला. पुढे जगभर गाजलेला हा गळा पाचगणीच्या थंडीत तयार होऊ लागला होता, हे तिकडच्या शिक्षक मंडळींनी मुलांना जरूर सांगावे.

फ्रेडी २४ नोव्हेंबर १९९१ रोजी वारला. वय अवघे पंचेचाळीस. त्यानंतर जन्मलेल्या चाहत्यांनी त्याला रंगमंचावर प्रत्यक्ष पाहिलेले असणे शक्यच नाही. त्यांच्या हाती उरली ती जलशांची चित्रमुद्रणे. म्हणून ‘कोणते चित्रमुद्रण सरस’ हा त्यांचा वाद वरवर पोरकट दिसला, तरी तसा तो नाही. हा माणूस खरा कसा गात होता, हेच त्यांना ठरवायचे आहे; आणि साक्षीदार असा तेवढाच आहे.

दोन चित्रमुद्रणांवरून विशेष हमरीतुमरी होते. पहिले कॅनडातल्या माँट्रिऑल शहरचे. २४ व २५ नोव्हेंबर १९८१ या दोन रात्री, बर्फावरच्या हॉकीसाठी बांधलेल्या बंदिस्त क्रीडागृहात हा कार्यक्रम झाला. पहिली रात्र आणि फ्रेडीच्या मृत्यूचा दिवस, यांत बरोबर दहा वर्षांचे अंतर पडते. चाहते हा योगायोग हळहळून सांगतात. दुसरे चित्रमुद्रण लंडनच्या वेम्ब्ली मैदानावरचे, १२ जुलै १९८६ चे. उघडे मैदान आणि सत्तर हजारांच्या वर माणूस.

माँट्रिऑलच्या बाजूचे लोक म्हणतात: इथे फक्त चौघे आहेत. पाचवा वाजवणारा नाही, फुगे नाहीत, राजवेष नाहीत. फ्रेडीचा आवाज ताजा आहे, कारण या रात्री चित्रीकरणासाठी म्हणूनच ठरवलेल्या होत्या. लांबच्या दौऱ्याचा शीण गळ्यावर नव्हता. शिवाय कॅमेरा इतका जवळ, की कपाळावरचा घाम मोजून घ्यावा.

वेम्ब्लीवाले म्हणतात: अहो, जलसा म्हणजे काय चार माणसांचा रियाज? समोरचा समुदाय कुठे आहे तुमच्या चित्रात? वेम्ब्लीला बघा. उजेडात सुरू होऊन अंधारात संपणारा कार्यक्रम, शेवटी डोक्यावर मुकुट नि खांद्यावर राजवस्त्र घेऊन येणारा फ्रेडी आणि त्याच्या एका हाकेला ओ देणारे हजारो कंठ. एक गाणे तर रॉजर टेलरने रेडिओवरच रचलेले आहे. दूरचित्रवाणीच्या जमान्यात मागे पडत चाललेल्या रेडिओविषयीची माया त्यात आहे. त्या गाण्याला सगळे मैदान दोन्ही हात वर करून एका ठेक्यात टाळ्या देते. (आम्हां रेडिओवाल्यांना हे गाणे जरा जास्तच आवडते, हे कबूल केलेले बरे.)

यावर माँट्रिऑलवाल्यांचे उत्तर ठरलेले असते: टाळ्या ठीक, पण गळा? वेम्ब्लीला तो वरच्या स्वरांवर जातच नाही, वळसा घालून खाली उतरतो! ही गोष्ट खोटी नाही. तबकडीवर एका दमात घेतलेल्या तारस्वराच्या जागा फ्रेडी प्रत्यक्ष कार्यक्रमात पुष्कळदा टाळी आणि चाल बदलून गाई. रात्रीमागून रात्र दोन-दोन तास गायचे, तर गळा राखावाच लागतो. आपल्याकडे मुरलेला गवई उतारवयात हेच करतो आणि आपण त्याला ‘युक्तीने गातो’ म्हणून मान देतो. इथे मात्र त्याच गोष्टीला कोणी कसब म्हणतो, कोणी कसूर.

आता हा वाद नीट उमगायचा असेल, तर चित्रमुद्रण कसे होते हे थोडे पाहिले पाहिजे. माँट्रिऑलचे चित्रीकरण सिनेमाच्या पस्तीस मिलिमीटर फिल्मवर झाले. अशा कॅमेऱ्यात एका वेळी साधारण हजार फूट फिल्म बसते आणि ती अकरा मिनिटांत संपते. म्हणजे दोन तासांच्या कार्यक्रमात प्रत्येक कॅमेऱ्याची फिल्म कितीतरी वेळा बदलावी लागणार आणि तेवढ्या वेळात समोर काही घडले तर ते त्या कॅमेऱ्याला मुकले. म्हणून अनेक कॅमेरे लावतात, एकाची फिल्म बदलताना दुसरा चालू ठेवतात आणि शक्य तर कार्यक्रमच दोन रात्री टिपतात. मग संकलक पहिल्या रात्रीचा एक तुकडा, दुसऱ्या रात्रीचा एक तुकडा असे जोडत जातो. आवाज तर फिल्मवर नसतोच. तो वेगळ्या फितीवर, प्रत्येक वाद्याचा आणि गळ्याचा वेगळा धरलेला असतो आणि सावकाश बसून मिसळायचा असतो. चित्र एका रात्रीचे आणि सूर दुसऱ्या रात्रीचा, असे झाले की ओठ एक बोलतात आणि कानावर दुसरेच येते. १९८४ साली हा कार्यक्रम घरोघरच्या चित्रफितींवर आला, तेव्हा चाहत्यांनी नेमके हेच दोष वेचून काढले. पुढे बँडने चित्र स्वच्छ करून आणि ध्वनी नव्याने मिसळून २००७ साली त्याची सुधारलेली आवृत्ती काढली.

तेव्हा माँट्रिऑलची जी मैफल आपण पडद्यावर पाहतो, ती तशीच्या तशी कोणत्याच रात्री झालेली नाही! दोन रात्रींची ती एक रात्र आहे. मग तिला खोटी म्हणायचे काय? मला तसे वाटत नाही. त्यातले बहुतेक सारे स्वर त्या चौघांनी लोकांसमोर काढलेले आहेत. पण ‘जसेच्या तसे’ हा शब्द तिला लावता येत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

या चित्रपटाचा दिग्दर्शक सॉल स्विमर. याने पूर्वी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी न्यूयॉर्कला झालेला १९७१ चा मोठा जलसा चित्रित केला होता. त्यात पंडित रविशंकर, उस्ताद अली अकबर खाँ आणि तबल्यावर अल्लारखाँ आहेत. तिथे गंमत अशी झाली, की कलावंतांनी वाद्ये जुळवून घेतली आणि श्रोत्यांनी तेच गाणे समजून टाळ्यांचा कडकडाट केला. पंडितजींनी त्यावर हसत चिमटा काढला, तोही त्यात टिपला आहे. मला विचाराल तर असे क्षण सांभाळून ठेवणे हेच कॅमेऱ्याचे खरे काम.

वेम्ब्लीची गोष्ट निराळी. ते चित्रण दूरचित्रवाणीसाठी, गॅव्हिन टेलर या दिग्दर्शकाने, चुंबकीय फितीवर केले. फीत लांबलचक चालते, दर अकरा मिनिटांनी बदलायला नको. म्हणून एकाच रात्रीचा सलग कार्यक्रम हाती आला. पण त्या फितीत चित्राच्या रेषा मोजक्या, ब्रिटिश पद्धतीत सहाशे पंचवीस. लहान पडद्यावर ते छान दिसते, मोठ्यावर पसरवले की पुसट होते. फिल्मवर कण न् कण उमटलेला असतो. म्हणूनच माँट्रिऑलची मैफल २०२४ च्या जानेवारीत आयमॅक्सच्या तीन-चार मजली पडद्यांवर दाखवता आली. थोडक्यात, फिल्मने चित्र दिले पण रात्र तोडली. फितीने रात्र दिली पण चित्र उणे ठेवले. चाहत्यांच्या भांडणातला निम्मा भाग गायकाविषयी नसून या दोन साधनांविषयी आहे आणि भांडणाऱ्यांना ते पुष्कळदा ठाऊक नसते.

वेम्ब्लीचा कार्यक्रम ऑक्टोबर १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीवर दाखवला, तेव्हा तिथल्या खाजगी रेडिओ केंद्रांनीही तो त्याच वेळी लावला. कारण उघड होते. त्या काळच्या घरगुती संचाचा कर्णा एवढासा, आवाज एकपदरी. मग लोकांनी संचाचा आवाज बंद केला आणि शेजारी रेडिओ लावला. चित्र त्याचे, सूर रेडिओचा! पुढे १९९० ला निघालेल्या चित्रफितीत काही गाणी गाळली होती. पुरा कार्यक्रम २००३ साली मिळाला.

आणखी एक वाद आहे, तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. क्वीनचे १९७५ सालचे सहा मिनिटांचे एक अतिप्रसिद्ध गाणे आहे, ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’. त्याच्या मधल्या भागात शेकडो गळ्यांचा समूह गातो आहे असे वाटते. वास्तविक तिघांनीच स्टुडिओत आपलेच आवाज एकावर एक चढवून तो उभा केला. हे लोकांसमोर गाणे अशक्य. मग काय करायचे? बँडने ठरवले, की तेवढ्या भागापुरते रंगमंचावरून निघून जायचे. दिवे फिरत राहतात, मूळ ध्वनिफीत वाजते, रंगमंच रिकामा! आणि तो भाग संपताच चौघे परत येऊन पुढचे जोरकस वाजवू लागतात. दोन्ही चित्रमुद्रणांत हे दिसते. काही रसिक चिडून म्हणतात, पैसे घेऊन फीत ऐकवता? दुसरे म्हणतात, ओठ हलवून गातो आहोत असे सोंग तरी नाही आणले! मी या दुसऱ्यांच्या बाजूचा आहे. फीत वाजते आहे हे लहान पोरालाही कळावे, अशी रंगमंचावरची रिकामी जागा ठेवायला धैर्य लागते. आपल्या ऑर्केस्ट्रांतून हल्ली मागे ध्वनिफीत लावून जे चालते, ते पाहिले म्हणजे याची किंमत कळते.

आपल्याकडे अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. मैफलीत राग फुलवायला त्यांना किती वेळ लागत असेल! आपल्या हाती उरल्या त्या एकेका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या. त्यावरून वाद घालायलाही जागा थोडी. त्या मानाने क्वीनचे चाहते श्रीमंत. त्यांना गळा आहे, चेहरा आहे, दोन निरनिराळी वर्षे आहेत आणि मतभेदाला भरपूर ऐवज आहे.

तुम्ही विचाराल, पहिल्यांदाच पाहायचे तर कोणते पाहावे? गाणे ऐकायचे असेल तर माँट्रिऑल. जमाव आणि गायक एकमेकांना कसे खेळवतात हे पाहायचे असेल तर वेम्ब्ली. ब्रायन मे गिटार घेऊन बसतो, एक संथ प्रेमगीत सुरू होते आणि फ्रेडी मधेच थांबून ओळ लोकांकडे सोडून देतो. ध्रुपद श्रोत्यांवर सोपवणारा आपला कीर्तनकार इथे आठवल्यावाचून राहत नाही. आणि कोणतेही पाहा, पण अधूनमधून नजर फ्रेडीवरून काढून जॉन डीकनकडे न्या. कॅमेरा या मनुष्याकडे फारसा वळत नाही, पण सगळा डोलारा त्याच्या खर्जावर उभा आहे.

आणि या दोहोंच्या भांडणात एक तिसरे चित्रमुद्रण उगाच मागे पडते, हंगेरीच्या बुडापेस्ट शहरचे. २७ जुलै १९८६, म्हणजे वेम्ब्लीनंतर पंधरवड्यातच. तो देश तेव्हा साम्यवादी राजवटीखाली होता आणि चित्रीकरण तिथल्याच सिनेमावाल्यांनी फिल्मवर केले. त्यात फ्रेडी त्या लोकांचे एक जुने लोकगीत त्यांच्याच भाषेत गातो. भाषेचा गंध नाही. म्हणून शब्द तळहातावर लिहून आणले आहेत. गाता गाता तो हात डोळ्यांसमोर धरतो, वाचतो, पुढची ओळ म्हणतो, आणि शब्द कळताक्षणी सारे मैदान त्याच्या मागे ते गाऊ लागते.