पत्रे काढताना नाकावर काय बांधावे?

१९६० साली ॲलिक्स व कॅरोल ही वादळे लागोपाठ मॉरिशसवर आली. त्यानंतर बेघरांसाठी सरकारी वसाहती उभ्या राहिल्या आणि त्यांतील कित्येक घरांना ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे लागले. आता त्या जागी स्लॅबचे घर बांधायचे म्हणून घरचीच माणसे हातोडी घेऊन वर चढतात. नाकावर एक रुमाल!

ॲस्बेस्टॉसचा तंतू केसाहून कितीतरी बारीक असतो. त्याला वास नाही, त्याने लगेच खोकलाही येत नाही. फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग वीस ते चाळीस वर्षांनी दिसतो. म्हणूनच लोक बेफिकीर राहतात. रुमाल किंवा डॉक्टरी मुखपट्टी गालाला घट्ट बसत नाही, आणि हवा तर फटीतूनच वाट काढते.

दुकानात रंग किंवा किंमत न पाहता फिल्टरवरील अक्षर वाचावे. युरोपीय मालावर पी-१, पी-२, पी-३ असते. पी-२ सुमारे ९४ टक्के कण अडवतो, तर पी-३ ९९.९५ टक्के. अमेरिकन मालात कोविडच्या दिवसांत घरोघरी पोहोचलेला एन-९५ या कामाला अपुरा, पी-१०० हवा. ब्रिटनमध्ये लहान कामाला एकदाच वापरायचा एफएफपी-३ मुखवटा चालतो, अमेरिकेत ॲस्बेस्टॉससाठी तसले मुखवटे चालत नाहीत. माझ्या मते रबरी अर्धमुखवटा व पी-३ फिल्टर घेणेच शहाणपणाचे.

एक फसगत मात्र नेहमीची. उसाच्या मळ्यात फवारणीला वापरतात तो तपकिरी पट्ट्याचा डबा भारदस्त दिसतो. पण त्यातील कोळसा वाफ शोषतो, तंतू नाही. त्यावर पी-३ची पांढरी पट्टीही असेल तरच तो उपयोगी.

आणि दाढी? एका दिवसाची वाढलेली खुंटेदेखील फट पाडतात. मुखवटा चढवल्यावर फिल्टर तळव्यांनी झाकून श्वास आत ओढावा. रबर चेहऱ्याला चिकटून बसले तर ठीक. वापरलेला फिल्टर धुऊ नये, फुंकून झटकू नये, पिशवीत बांधून पत्र्यांच्या कचऱ्याबरोबरच द्यावा.

अर्थात उत्तम फिल्टर लावूनही पत्रा फोडायचा नाही. आधी पाण्याने भिजवावा, खिळे-बोल्ट सोडवून अखंड उतरवावा, कापायचे यंत्र त्याला लावू नये. मुलांना शेजारी पाठवावे, आणि सबंध घर उतरवायचे असेल तर प्रशिक्षित माणसेच बोलवावीत.