अडीच मिनिटांचे वचन

महाराष्ट्राबाहेरील आपल्या शहरांत मराठी चित्रपट पुष्कळदा मोजक्याच खेळांपुरता येतो. शेजारी पाहून आले, त्यांचे मत ऐकले आणि मग आपण गेलो, एवढी सवड मिळत नाही. साहजिकच चार तिकिटांचा खर्च आणि एक मोकळी संध्याकाळ यांचा निकाल ‘ट्रेलर’ नावाच्या अडीच मिनिटांच्या झलकेवर लागतो. ही झलक कशी घडविली जाते, हे म्हणूनच आपण जाणून घेतले पाहिजे.

‘ट्रेलर’ म्हणजे मागून येणारा. प्रारंभी अमेरिकेत ही जाहिरात मुख्य चित्रपटाच्या अखेरीस दाखवीत. पुढे ती चित्रपटाच्या आधी आली, नाव मात्र मागचेच राहिले.

हॉलिवूडने तिचा एक साचाच घडविला आणि तो आता सर्वत्र रुळला आहे. आरंभी शांत, सुखी जग, मग त्यावर कोसळणारे संकट, त्यानंतर चढत्या संगीताच्या ठेक्यावर भराभर पालटणारी दृश्ये, क्षणभर काळोख, मग चित्रपटाचे नाव, आणि नावानंतरही एखादा विनोद वा दचकविणारा धक्का. पूर्वी यास निवेदकाच्या धीरगंभीर आवाजाची जोड असे. डॉन लाफाँटेन (१९४०–२००८) यांनी पाच हजारांहून अधिक ट्रेलरांना असा आवाज दिला.

चित्रपटाचे संकलन पुरे होण्याआधीच ट्रेलर पुष्कळदा तयार होतो. त्यामुळे त्यातील संगीत दुसरीकडचे असू शकते, आणि एखादे दृश्य चित्रपटात मुळीच नसते.

किती सांगावे आणि किती झाकावे, हाच खरा प्रश्न होय. ‘सायको’च्या (१९६०) ट्रेलरमध्ये आल्फ्रेड हिचकॉक स्वतः प्रेक्षकांस घटनास्थळी हिंडवितात, सहा मिनिटांहून अधिक काळ बोलतात आणि रहस्य मात्र राखतात. अखेरीस किंचाळणारी अभिनेत्रीदेखील चित्रपटातील त्या प्रसंगातली नव्हे! याउलट ‘कास्ट अवे’च्या (२०००) ट्रेलरने निर्जन बेटावर अडकलेला नायक घरी परततो, हेही सांगून टाकले.

दाखविलेले मिळाले नाही, तर दाद मागता येते काय? ‘फॅन’ (२०१६) या हिंदी चित्रपटाच्या जाहिरातीत झळकलेले गाणे चित्रपटात नव्हते, म्हणून महाराष्ट्रातील एका महिला प्रेक्षकाने ग्राहक मंचाकडे धाव घेतली. राज्य आयोगाने तिला १०,००० रुपये भरपाई व ५,००० रुपये खर्च देवविला. परंतु एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. अशी झलक म्हणजे करार नव्हे, असा त्याचा आशय होता.

कायद्याने न बांधलेले हे वचन आपणच पारखून घ्यावयाचे. मुले बरोबर असतील तर आणखी एक गोष्ट ध्यानी धरावी. चित्रपटगृहातील ट्रेलरचे प्रमाणपत्र केवळ त्या ट्रेलरपुरते असते. मुख्य चित्रपटाचे निराळे असू शकते, ते तिकीट काढण्यापूर्वी अवश्य पाहावे.

आम्हांस ट्रेलरचा राग नाही. लग्नपत्रिका कितीही देखणी असली तरी तिच्यावरून पंगतीतील वाढप कळत नाही, एवढे स्मरणात ठेवून तो पाहावा, इतकेच.