बालदमा : नव्या इंजेक्शनची कसोटी

‘मोठ्या माणसांना गुण आलेले दम्याचे नवे इंजेक्शन आमच्या मुलाला का नको?’ असे पालक विचारतात. मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती नव्हे, हे त्याचे उत्तर.

मेपोलिझुमॅब या औषधाचेच पाहा. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढल्या की श्वासनलिकांना सूज येते. हे औषध त्या पेशी कमी करते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः प्रौढ रुग्णांवरील चाचणीत दम्याचे तीव्र अ‍ॅटॅक सुमारे निम्म्यावर आले. पुढे अमेरिकेतील गरीब शहरी वस्त्यांमधील ६ ते १७ वर्षांच्या २९० मुलांवर त्याची चाचणी झाली. खरे औषध कोणाला व नुसते दिखाऊ इंजेक्शन कोणाला, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरले. वर्षभर ते पालकांना वा डॉक्टरांना ठाऊक नव्हते. २०२२ मध्ये निकाल आला : अ‍ॅटॅक २७ टक्केच कमी झाले. म्हणूनच मुलांसाठी वेगळी चाचणी हवी.

महत्त्वाचे म्हणजे, दोन्ही गटांतील मुलांचे नेहमीचे उपचार चालूच होते. असे इंजेक्शन पंपाच्या जोडीला असते, पंपाऐवजी नव्हे. तेव्हा ‘सवय लागेल’ या भीतीने पंप बंद करू नका. मूल तो रोज व नीट ओढते का, घरात चुलीचा किंवा विडीचा धूर आहे का, हे आधी पाहा. बहुतेक मुलांना मग इंजेक्शनची गरजच पडत नाही.

धाप लागून मुलाला बोलता येत नसेल, तर मात्र तडक रुग्णालय गाठा.