केबलच्या पोटातलं झाड

झाडाला काय काय लागतं? माती, पाणी, ऊन. पण यातलं काहीही नसताना प्लॅस्टिकच्या आत वाढणारं एक झाड आहे! त्याला पानं नाहीत, फुलं नाहीत, नुसत्या फांद्या. त्याही केसाहून बारीक आणि आतून पोकळ. शास्त्रज्ञ त्याला ‘इलेक्ट्रिकल ट्री’ म्हणतात. आपण वीजझाड म्हणू या.

शहरांत जमिनीखालून ११,००० व्होल्टच्या केबल्स जातात. मधे तांब्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची तार आणि तिच्याभोवती पॉलिथिलीनचं आवरण. पॉलिथिलीन म्हणजे आपल्या पिशवीचंच प्लॅस्टिक. केबलसाठी त्याचे रेणू एकमेकांना घट्ट जोडून घेतात, एवढंच. जाडी जेमतेम साडेतीन मिलिमीटर! तेवढ्यावर वीज अडते, याचं मला तर नवलच वाटतं.

मग बिघडतं कुठं? आवरणात कधी हवेचा एखादा बुडबुडा राहून जातो. डोळ्यांना दिसणारही नाही इतका लहान. प्लॅस्टिक विजेचा जेवढा ताण सोसतं, तेवढा हवेला सोसत नाही. त्यातून गंमत अशी, की बुडबुड्यात हा ताण भोवतालच्या प्लॅस्टिकपेक्षा जास्तच असतो. मग आत चिमुकल्या ठिणग्या उडू लागतात. प्रत्येक ठिणगी भिंतीचा कणभर भाग खाते. हळूहळू भोक पडतं, भोकाची नळी होते, नळीला फाटे फुटतात. झालं आपलं झाड! त्याची फांदी आवरणाच्या पार गेली, की धडाम्! केबल जळते, दिवे जातात.

या झाडाचा एक भाऊ आहे. त्याला मात्र खरंच पाणी लागतं. १९६० आणि १९७० च्या दशकांत अमेरिकेत अशा पुष्कळ केबल्स जमिनीत पुरल्या. त्या तीस-चाळीस वर्षं टिकतील असा भरवसा होता. पण कितीतरी केबल्स त्याच्या निम्म्या काळातच निकामी झाल्या. जमिनीतली ओल आवरणात झिरपली होती आणि विजेच्या ताणाखाली आत ‘पाणझाडं’ वाढली होती. ती ठिणगीशिवाय, गुपचूप, वर्षानुवर्षं वाढतात. पुढे त्यांच्याच टोकाला वीजझाड फुटतं.

मग बाहेरून ओल अडवणारं जादा आवरण घालायला लागले. पाणझाड सहज वाढणार नाही असं पॉलिथिलीनही तयार झालं. आणि बुडबुडे? कारखान्यातून निघण्याआधी केबलला नेहमीपेक्षा जास्त व्होल्ट देतात आणि आत ठिणगी उडते का, ते यंत्रानं तपासतात. उडाली, की केबल नापास. तिथं आमच्यासारखे ग्रेसचे मार्क कुणी देत नाही!